डॉक्टरसाहेबांचे जाहीर आभार

मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा काही निवला नाही. इंग्लंडमधल्या दिवसांबद्दल कुणी विचारलं की त्यांना वाटतं, आता ही थंडीबद्दल बोलेल, बर्फाबद्दल बोलेल, राणीच्या राजवाड्याबद्दल बोलेल. मी डॉक्टरांबद्दल बोलते.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. नवऱ्याला पुण्याच्या कंपनीनं रीडिंगच्या ऑफिसात पाठवलं आणि त्याच्या व्हिसाला लटकून मीही आले. पुण्यात मी कॉलेजात इतिहास शिकवत होते. इथं जॉब सेंटरमधल्या मुलीनं माझं एम.ए.चं सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं आणि सुपरमार्केटच्या टिलवर, म्हणजे गल्ल्यावर, जागा आहेत म्हणाली. मी घरी येऊन दोन दिवस नवऱ्याशी बोलले नाही. त्याचा काय दोष होता म्हणा, पण घरात तेवढाच एक माणूस होता.

अशा वेळी मला म्हातारा भेटला.

म्हातारा म्हणजे एकोणिसाव्या शतकातला आपला एक मोठा देशपुढारी. नाव मुद्दामच सांगत नाही. नाव सांगितलं की आपल्यात लगेच आडनाव निघतं, आडनावावरून जात निघते आणि जातीवरून भांडण. शिवाय ह्या हकिकतीत कुणाचंच नाव येणार नाही, मग त्याचंच कशाला? मी त्याला मनात म्हातारा म्हणायचे, कारण रीडिंगच्या लायब्ररीत मला त्याचं जे पहिलं चित्र सापडलं त्यात तो म्हातारा होता. पांढऱ्या मिशा, काळा कोट आणि समोर इंग्रजांनी भरलेला हॉल. मी ते चित्र बघत उभीच राहिले. आपल्याकडच्या पुस्तकांत ह्या माणसाला एक परिच्छेद मिळतो, आणि इथं हा वर्षानुवर्षं ह्या लोकांच्या घरात घुसून त्यांना सुनावत होता.

शाळामास्तराचा हा मुलगा. मुंबईत शिकला, कापसाच्या एका पेढीचं काम बघायला बोटीनं लंडनला आला आणि आल्या आल्या पेढी बुडाली. दुसरा कुणी असता तर परतीचं तिकीट काढून मोकळा झाला असता. हा भाड्याच्या खोलीत राहिला. हिंदुस्थानातून पैसा इकडे कसा वाहून येतो आणि तिकडे दुष्काळात माणसं कशी मरतात, ते त्यानं सरकारच्याच छापील अहवालांतून शोधून काढलं आणि गावोगाव हॉल भाड्यानं घेऊन सांगत सुटला. लीड्सच्या गिरणी कामगारांपुढे बोलला. चर्चमागच्या खोल्यांत म्हाताऱ्या बायकांपुढे बोलला. लंडनच्या एका मतदारसंघातून पार्लमेंटला उभा राहिला आणि आपटला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा आपटला. शेवटी देशात परतला, तिथं मोठमोठ्या सभांचं अध्यक्षपद मिळालं, आणि मागून आलेल्या तरुण मंडळींनी मवाळ म्हणून त्याची यथेच्छ टिंगल केली.

मवाळ! अहो, मी त्याच्या सभांचे वृत्तांत वाचलेत. लीड्सच्या एका सभेत हिंदुस्थानातून रिटायर होऊन आलेला एक कलेक्टर त्याला खोटं पाडायला उभा राहिला. म्हाताऱ्यानं त्याला अडवलं नाही. उलट त्याच्या नोकरीची तारीफ केली, आणि मग अगदी अदबीनं विचारलं, आपला जिल्हा वसुलीत फार चोख होता म्हणतात, ते खरं का? कलेक्टर फुगला. म्हणाला, खरं म्हणजे काय, दुष्काळाच्या वर्षीसुद्धा आम्ही शेतसारा पुरता वसूल केला. सगळा हॉल कलेक्टरकडे वळून बघायला लागला. म्हातारा त्याचे आभार मानून खाली बसला.

हे मला एकदम सापडलं नाही. उत्तर लंडनमध्ये जुन्या वर्तमानपत्रांचं एक मोठं वाचनालय होतं. रीडिंगहून पॅडिंग्टनची ट्रेन, मग भुयारातल्या ट्यूब बदलत तिकडे. कित्येक हिवाळे मी तिथं घालवले. मला जी वर्षं हवी होती त्यांचे कागद कुणाच्या हातात देत नसत, सगळ्याची फिल्म करून ठेवलेली. रीळ मशीनवर चढवायचं, हँडल फिरवायचं आणि उजेडात सरकणारी बारीक अक्षरं वाचत बसायचं. दुपारपर्यंत डोळे गरगरायचे. मग खाली कँटीनमध्ये कोपऱ्यात बसून डब्यातली गार पोळीभाजी खायची आणि पुन्हा वर. लीड्सलाही दोनदा जाऊन आले. तिकडेही तेच, रीळ आणि हँडल.

आणि म्हातारा जिथून उभा राहिला त्या भागाच्या काउन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, एक छोटं इतिहास केंद्र होतं, तिथं मात्र खरे कागद होते, आणि त्या कागदांवर बसलेली एक बाई. उंच, कार्डिगन घातलेली, चष्मा साखळीला. पहिल्याच दिवशी तिनं माझं पेन काढून घेतलं आणि शिसपेन्सिल हातात दिली. निघताना पर्स उघडून दाखवायची. एकदा गप्पांत तिनं सांगितलं, की पूर्वी एका वाचकानं ब्लेडनं एक चित्र कापून नेलं होतं. सांगतानाच तिची मान लालभडक झाली. इथल्या कागदाचा कण जरी कुणी बाहेर नेला तरी ती चोरीच, आणि मी ती पोलिसांपर्यंत नेते, असं म्हणाली. मला ती बाई फार आवडली. आपल्या कामाबद्दल इतका राग येणारी माणसं मला आवडतात.

आता डॉक्टर.

ईलिंगला आमच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम व्हायचे. डॉक्टर त्या मंडळाचे आधारस्तंभ. इथं येऊन तीसेक वर्षं झालेली, मोठ्या हॉस्पिटलातले कन्सल्टंट, मागे काचेच्या खोलीची कॉन्झर्व्हेटरी असलेलं घर. गणपतीच्या मूर्तीपासून नाटकाच्या पडद्यापर्यंत सगळं त्यांच्या शब्दावर. आम्ही व्हिसावाले नवखे त्यांच्यापुढे जरा वाकूनच असायचो. संक्रांतीच्या कार्यक्रमात ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे म्हणे फार मटेरियल आहे."

मी मूर्ख, खूष झाले. तोवर माझ्या ह्या उद्योगाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. मी त्यांना तिळगूळ हातात घेऊन तासभर म्हातारा ऐकवला. ते म्हणाले, "मंडळाच्या रौप्यमहोत्सवाला पुस्तक काढू या. तुम्ही लिहून काढा सगळं. मी जरा हात फिरवतो."

मी लिहिलं. पोटात मूल असल्यासारखी त्या पानांना जपले. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणं तेव्हा सोपं नव्हतं, तेही केलं, आणि सगळं सीडीवर घालून त्यांना दिलं. हात फिरवणं म्हणजे काय, ते मला पुस्तक हातात आल्यावर कळलं. कव्हरवर त्यांचं नाव. आत त्यांचा सूट घातलेला फोटो. माझं वाक्य न् वाक्य जसंच्या तसं, फक्त जिथं जिथं 'मला आढळलं' असं होतं तिथं ते आता त्यांना आढळलेलं. आणि ऋणनिर्देशात शेवटून दुसऱ्या ओळीत, हॉलची व्यवस्था पाहणाऱ्यांच्या खाली, 'टंकलेखनासाठी आमच्या रीडिंगच्या वहिनी'.

नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. पुस्तक तर निघालं ना?"

"अरे, तुझं काम दुसऱ्यानं आपलं म्हणून क्लायंटला दाखवलं तर?"

"दाखवतातच," तो म्हणाला आणि टीव्हीकडे वळला. त्याचं खरं होतं, म्हणून मला आणखीच संताप आला.

तरीही मी कदाचित गिळलं असतं. आपल्याकडच्या बायकांना गिळायची सवय असते. पण त्याच वर्षी त्या इतिहास केंद्रात एक जागा निघाली. पार्ट-टाइम, पण खरीखुरी नोकरी. त्या भागात राहून गेलेल्या परदेशी माणसांचा इतिहास शोधायचा. जाहिरात माझ्यासाठीच काढल्यासारखी होती. मी अर्ज केला, म्हाताऱ्यावरचं माझं प्रकरण इंग्रजीत करून जोडलं आणि मुलाखतीला गेले.

टेबलावर माझा अर्ज होता आणि शेजारी डॉक्टरांचं पुस्तक. इंग्रजी आवृत्ती. ती कुणा भाच्याकडून करून घेऊन त्यांनी काउन्सिलला भेट पाठवली होती. कार्डिगनवाली बाई नेहमीसारखी बोलत नव्हती. म्हणाली, तुमचं प्रकरण ह्या पुस्तकातून बरंच उचललेलं दिसतं.

मी उचललेलं! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इथं चोर घरी चहा पीत बसला होता आणि बोंब माझ्या नावानं होत होती. मी सांगितलं, ते काम माझं आहे. तिनं विचारलं, दाखवायला काय आहे? माझ्या वह्या मराठीत. पुस्तकावरून काढलेली टिपणं तशीच दिसतात. वाचनालयाचं कार्ड होतं, त्यावरून मी तिथं जायचे एवढंच कळत होतं, काय वाचायचे ते नाही. बाई वाईट नव्हती. तिनं मला वर्षानुवर्षं पेन्सिलीनं लिहिताना पाहिलं होतं. पण छापील कव्हरवर दुसऱ्याचं नाव होतं. शेवटी ती म्हणाली, लेखकानं स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी. महिनाअखेरपर्यंत मी थांबते.

म्हणजे माझी नोकरी आता डॉक्टरांच्या तोंडात होती.

मी शनिवारी ईलिंगला गेले. कॉन्झर्व्हेटरीत वेताच्या खुर्चीत बसवलं त्यांनी मला. त्यांच्या बायकोनं चकल्या आणल्या. मी अजीजीनं सांगितलं, की पुस्तक तुमच्याच नावावर राहू दे, मला काही नको, फक्त त्या बाईला एवढं सांगा की शोधाशोध माझी होती. फोनवर सांगितलंत तरी चालेल.

डॉक्टरांनी चकली मोडली. "कसं आहे वहिनी, पुस्तकाला एक वजन लागतं. तुमच्या नावावर कोण वाचणार होतं? रागावू नका हं, मी आपलं स्पष्ट बोलतो. आणि आता छापून झाल्यावर असं काही सांगायचं म्हणजे लोक काय म्हणतील? मंडळाचं नाव खराब होईल. तुम्हाला नोकरीची काय एवढी गरज? तुमचे हे चांगले कमावतात की."

मी चकलीकडे बघत होते. एवढ्यावर ते थांबले असते तरी मी आयुष्यभर दात-ओठ खात नुसती बसले असते. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यांना थांबवतो कोण? म्हणाले, "बरं, इंग्रजी आवृत्तीचा समारंभ ठेवलाय आपण, त्या काउन्सिलच्या बाईलाही बोलावलंय. मला भाषणाचं जरा लिहून द्या ना. आधी मराठीत, मग पाहुण्यांसाठी इंग्रजीत. तुमच्या लिहिण्यात एक ओलावा आहे. श्रोत्यांना भिडेल असं काहीतरी घाला."

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत कळलं. कानशिलं तापली. बशी उचलून त्या काचेवर भिरकावावी असं वाटलं. आणि मग एकदम सगळं थंड झालं, कारण मला कळलं की हा माणूस माझ्या वाक्यांशिवाय बोलूच शकत नाही. मी जे देईन ते हा बोलेल. मला फक्त ठरवायचं होतं, काय द्यायचं.

"देते की, डॉक्टरसाहेब," मी म्हणाले. "त्यात काय मोठंसं!"

त्यांच्या बायकोनं मला उरलेल्या चकल्या डब्यात भरून दिल्या. त्या मी स्टेशनवरच्या कबुतरांना घातल्या.

ते भाषण मी फार मन लावून लिहिलं. म्हातारा खरा होता तसाच ठेवला, त्याच्या केसालाही धक्का लावला नाही. एकच जागा माझी. आपल्या माणसाची खोड मला पक्की ठाऊक. पूज्य ठिकाणी गेला की काहीतरी उचलून आणल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. गडावरची चिमूटभर माती, समाधीवरचं फूल, देवळातला अंगारा, सगळं पुडीत बांधून पर्समध्ये. ते डोळ्यांना लावायचं आणि घरी देव्हाऱ्यात ठेवायचं. त्यात कुणाच्या मनात पाप नसतं. म्हणून मी लिहिलं, की लंडनच्या त्या वाचनालयात शंभर वर्षांपूर्वीचं ते पिवळं पान उलटताना त्याचा एक तुकडा गळून माझ्या तळहातावर पडला. त्यावर त्या महापुरुषाचं नाव होतं. मी तो तुकडा कपाळाला लावला, आणि आजही तो माझ्या देव्हाऱ्यात आहे. इंग्रजीतही तेच लिहिलं, अगदी सोप्या शब्दांत, कुणाला शंका राहू नये असं.

जरा जपून राहणारा माणूस असता तर म्हणाला असता, अहो, मी कधी गेलो तिथं? डॉक्टरांचा फोन आला तेव्हा आवाज भरून आला होता. "वा, वहिनी! तो तुकड्याचा प्रसंग वाचताना डोळ्यांत पाणी आलं माझ्या." स्वतःला न आलेल्या अनुभवानं ते रडले होते. मी म्हटलं, तिथं वाचताना जरा थांबा, म्हणजे टाळी मिळेल.

नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. त्यानं मला थांबवलं असतं, आणि मला थांबायचं नव्हतं.

समारंभाला शाळेचा हॉल घेतला होता. कोटाखाली पैठण्या, दारात गुलाबपाणी, स्टेजवर समई. खाद्यसमिती अर्थातच माझ्याकडे, आणि कार्यक्रमपत्रिकेत सर्वांत शेवटी माझं आभारप्रदर्शन. मराठी कार्यक्रमात आभारांची किंमत काय असते, ते सांगायला नको. 'सर्वप्रथम' म्हटलं की खुर्च्या सरकतात, 'तसेच' म्हटलं की निम्मा हॉल बटाटेवड्याच्या रांगेत असतो. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या बायकांना बजावून ठेवलं, की मी स्टेजवरून सांगेपर्यंत वाढपाच्या खिडकीचं शटर वर जाता कामा नये. वडे तळून तयार होते. वास हॉलभर पसरला होता, आणि भुकेली माणसं जागच्या जागी बसून होती.

काउन्सिलची ती कार्डिगनवाली बाई पहिल्या रांगेत, कपाळावर कुंकू, हातात गुलाब, कौतुकानं सगळीकडे बघत. मला पाहून तिनं जराशी मान हलवली. महिना संपायला आला होता.

डॉक्टर छान बोलले. बोलणारच, वाक्यं माझी होती. तुकड्यापाशी ते थांबले, आणि काय टाळी पडली! मागच्या रांगेतल्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरांनी तळहात पुढे करून दाखवला, जणू तो तुकडा अजून तिथं होता. मग पाहुण्यांसाठी इंग्रजी. मी पडद्याआडून बाईकडे बघत होते. आधी तिचं हसू गेलं. मग गळ्यापासून कानापर्यंत लाली चढत गेली. तिनं पर्समधून पेन्सिल काढली आणि पत्रिकेच्या पाठीवर काहीतरी खरडलं.

मग शाल, मग श्रीफळ, मग फोटो. मी माइकपाशी आले. मी हॉलचे आभार मानले, समईला तेल घालणाऱ्यांचे मानले, डॉक्टरसाहेबांचे तर तोंड भरून मानले. मग इंग्रजीत म्हणाले, की आमच्या पाहुण्या जुन्या कागदपत्रांच्या जाणकार आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत आणि डॉक्टरसाहेबांना काही विचारायचं असेल तर जरूर विचारावं. डॉक्टर हातात नारळ घेऊन हसतमुखानं उभे राहिले.

बाई वर आली. तिनं दोन शब्दसुद्धा बोलायच्या आधी विचारलं, तो तुकडा कोणत्या वाचनालयातला?

डॉक्टर हसले. "मॅडम, अगदी लहान तुकडा. आमच्याकडे ह्याला श्रद्धा म्हणतात."

"आमच्याकडे चोरी म्हणतात," ती म्हणाली.

हॉलमध्ये इथंच वाढलेली मुलं होती, त्यांना आधी कळलं. आजी-आजोबा एकमेकांना विचारू लागले, काय झालं, काय झालं? बाई शांत होती, पण मान पेटलेली. म्हणाली, मला हे त्या वाचनालयाला कळवावं लागेल, ते पोलिसांना कळवतील. आपण जबाबदार डॉक्टर आहात, तुकडा घरी आहे असं आपणच सांगितलंत, तर उद्या सकाळी मी येऊन तो ताब्यात घेते.

डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. पोलीस, हॉस्पिटल, वर्तमानपत्र, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहून गोड हसले.

"तसा काही तुकडा नाहीये," ते म्हणाले.

"आत्ताच तर आपण सांगितलंत."

"मी त्या वाचनालयात कधी गेलेलोच नाही!" माइक सुरू होता, आवाज हॉलभर घुमला. "कुठल्याच नाही. ही जायची. हे सगळं हिनं लिहिलंय. भाषण हिनं लिहिलं, पुस्तक हिनं लिहिलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी फक्त वाचून दाखवलं. चूक असेल तर हिची आहे!"

आणि नारळासकट हात माझ्याकडे केला.

मी ते वाक्य जन्मभर विसरणार नाही. त्यांना वाटलं, त्यांनी माझ्यावर ढकललं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे पुस्तक वहिनींचं?" मग तेच दुसऱ्या रांगेत, तिसऱ्या रांगेत. डॉक्टरांना आपण काय बोललो ते त्या कुजबुजीतून कळलं, आणि त्यांचा चेहरा मी डोळे भरून बघून घेतला. मला जराही दया आली नाही.

"थँक यू, डॉक्टरसाहेब," मी माइकमध्ये म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "शटर वर करा गं."

वडे कुणी फारसे खाल्ले नाहीत. काउन्सिलची बाई कोट घालताना माझ्याजवळ आली आणि त्या तुकड्याचं विचारलं. मी सांगितलं, त्या वर्षांची तिथं फिल्मच असते, कागद मिळतच नाहीत. ती चष्म्याच्या वरून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं. हसली मात्र नाही. सोमवारी नोकरीसाठी लागणारी कागदपत्रं घेऊन ये, एवढंच म्हणाली.

नवरा गाडीत म्हणाला, "तू फार डेंजरस बाई आहेस गं." त्याच्या आवाजात भीती होती की कौतुक, ते मी विचारलं नाही.

आठवड्यानं डॉक्टरांचा फोन आला.

"वहिनी, तो तुकडा तुम्ही मुद्दाम घातलात ना?"

"हो."

मग म्हणाले, "मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे. एकदा बोलायचं तरी होतंत."

"बोलले होते, डॉक्टरसाहेब. तुमच्याच घरी येऊन. तुम्ही खात होतात."

त्यांच्या बायकोचं मागून काहीतरी चाललं होतं. शेवटी ते घसा खाकरून म्हणाले, "मंडळाच्या अंकात खुलासा द्यायचा म्हणतायत सगळे. माझ्या सहीनं. मी बसलो होतो लिहायला. पण सुचतच नाही हो काही. दोन-चार ओळी तुम्हीच..."

ते खरंच म्हणाले असं. बनवून सांगत नाहीये.

"कागद-पेन घ्या," मी म्हणाले. "मी सांगते, तुम्ही लिहून घ्या."

त्यांनी घेतलं. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी उभी राहिले, पदर खोचला आणि सुरुवात केली.

"जरा हळू, वहिनी," ते म्हणाले.

मी हळू सांगितलं नाही.